दोरामावशीची सगळ्यात वाईट भुवई

दोरामावशी गप्प असते ती फक्त दातांत दोरा असतो तेव्हा. भुवई कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि मधे पीळ. तो पीळ सरसर धावतो आणि नको तो केस उपटून काढतो. त्या पाच मिनिटांत तिला बोलता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक घरचं सगळं गाऱ्हाणं सांगून घेतं. दोरा तोंडातून निघाला की सगळ्या गाऱ्हाण्यांचा निकाल एकदम लागतो. "चूक नवऱ्याची. पण तूही काही कमी नाहीस. पावडर लाव, लाल झालंय."

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. जिना उतरतो त्या बाजूला उभं राहिलं की डोकं आपटतं. नवं गिऱ्हाईक त्यावरूनच ओळखू येतं. एक खुर्ची, न्हाव्याने टाकून दिलेली, वर होते पण खाली येत नाही. एक आरसा. रस्त्याकडे एक खिडकी. ट्यूबलाइट आहे, पण तिचा त्या ट्यूबवर काडीचा विश्वास नाही. "ट्यूबखाली सगळ्या बायका आजारी दिसतात. मग घाबरून दुप्पट रंग थापतात, आणि उन्हात आल्या की नव्याने रंगवलेल्या भिंती. लोक जिथे बघणार, त्या उजेडात तोंड रंगवावं."

हे तिला कुणी शिकवलं नाही. एकोणीस वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाला होती. एका सकाळी कारखान्याला कुलूप दिसलं. मालक गेला तो गेला. बोटांना दोरा माहीत होता, दुसरं काही माहीत नव्हतं. मग तिने स्वतःच्या नडगीवरच्या केसांवर दोरा चालवायला सुरुवात केली. दोन्ही नडग्या संपल्यावर नवऱ्याच्या, तो झोपलेला असताना. तिसऱ्या नंबरला सासूबाई स्वतःहून बसल्या. त्यांची उजवी भुवई इतकी वर गेली की सहा आठवडे त्या एका डोळ्याने रागावलेल्या आणि दुसऱ्याने चकित दिसत होत्या. "पण केस परत येतात," मावशी सांगते, "सासूबाईंचा विश्वास नाही आला."

आता दर मंगळवारी दुपारी ती शिकाऊ बायकांचा वर्ग घेते, फुकट. मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. मी सफाई कामगार बायकांची संघटना चालवते. सभेला नऊ बायका आणि हिच्या वर्गाला तीस, मग माझं डोकं फिरणार नाही तर काय? दारातच विचारलं, "बायकांनी हक्क मागायचा की पावडर?"

"डोकं सांभाळा, पुढारीणबाई," ती म्हणाली, आणि मी जिन्याला आपटले.

तीसही बायका हसल्या. मला राग आला, पण बसले. आणि खरं सांगायचं तर तिचा वर्ग माझ्या सभेपेक्षा शिस्तीत चालतो. पहिले दोन मंगळवार चिमट्याला हात लावायचा नाही. पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धरायची. वर जिथे टेकते तिथे भुवई सुरू. तीच पेन्सिल डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे कलती केली की जिथे टेकते तिथे भुवई संपते. मधलं सगळं देवाचं, आपण फक्त खालचं गवत काढायचं. एक केस काढला की तीन पावलं मागे जायचं आणि पूर्ण तोंड बघायचं. "जवळून बघितलं की दोष दिसतो, लांबून बघितलं की तोंड दिसतं. आरसा नाकाला लावून बसणारी बाई शेवटी टकली होते."

हे सगळं शिट्टीनेही त्या वर्गात ऐकलं होतं. शिट्टी आमच्या संघटनेतली. अकरा मजली कार्यालयाचे जिने पुसते. फरशी ओली आहे हे प्रत्येक साहेबाला सांगायचा कंटाळा, म्हणून पुसताना शिट्टी वाजवते. लोक आवाज ऐकून पाय जपून टाकतात. त्या महिन्यात तिच्या आयुष्याचा प्रश्न होता. आठ वर्षं हंगामी राबल्यावर कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं होतं. अट एकच: महिन्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कट. पुन्हा संधी कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

कायम झालं की नवं ओळखपत्र, त्यावर नवा फोटो. शिट्टीला वाटलं, फोटोत जरा बरं दिसावं. सोमवारी संध्याकाळी तिने नणंदेचा चिमटा घेतला आणि हातातला छोटा आरसा नाकाला लावला. उजवीकडचे चार केस जास्त गेले, म्हणून डावीकडचे चार. मग डावी बारीक वाटली, म्हणून उजवी. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाने शेवटी जे केलं, तेच तिने स्वतःच्या कपाळावर केलं. उरली ती मुंग्यांची रांग, तीही मधेच तुटलेली.

मंगळवारी सकाळी सहाला ती फाटकावर गेली. तिथे खांबावर हजेरीचं यंत्र आहे. समोर उभं राहायचं. तोंड पटलं की हिरवा दिवा. तीनदा प्रयत्न करता येतो. तिन्ही वेळा लाल.

"यंत्र म्हणतंय तू आलेली नाहीस," मुकादम म्हणाला.

"मग तुमच्याशी बोलतंय कोण?"

"ते मला माहीत नाही. गैरहजर."

"गैरहजर आहे तर बादली कुणाच्या हातात देताय?"

बादली त्याने दिलीच. काम करून घेतलं, दिवस धरला नाही.

मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊन मुकादमाला फैलावर घेतलं. तो कागद दाखवत म्हणाला, "तक्रार करा ताई, सात कामाचे दिवस लागतात. माझी स्वतःची हजेरीही त्याच खांबावर आहे. मी काय करू?" मी त्या खांबाला एक ठोसा दिला. खांबाला काही झालं नाही, माझी दोन बोटं सुजली आणि मुकादमाने तेही लिहून घेतलं. काट्याचा नायटा केला मी.

दुपारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी जिन्याखाली. दोरामावशी आधी शिट्टीकडे बघून पोट धरून हसली, मग तेवढ्याच जोरात ओरडली. "तीन पावलं! तीन पावलं मागे जा म्हटलं होतं ना?"

"आमच्या खोलीत तीन पावलं मागे गेलं की शेजाऱ्यांची खोली लागते, मावशी," शिट्टी म्हणाली आणि रडायला लागली.

मावशी गप्प झाली. दातांत दोरा नसताना गप्प, हे मी पहिल्यांदा बघत होते. मग तिने शिट्टीचं जुनं ओळखपत्र मागून घेतलं. चार वर्षांपूर्वी यंत्रात नोंदणी झाली तोच हा फोटो. "केस यायला सहा आठवडे. आपल्याकडे दोन दिवस. म्हणजे पेन्सिलने काढावी लागणार. पहाटे पाचला ये."

पाचला मीही गेले. मावशीने शिट्टीचं तोंड धुवून कोरडं केलं. कपाळावर पावडरचा हात फिरवला, कारण तेलकट कातडीवर पेन्सिल घसरते. काळी पेन्सिल घेतली नाही, तपकिरी घेतली. "काळ्याने भुवई नाही होत, मिशी होते." एकसलग रेघ ओढली नाही. केसाएवढ्या बारीक रेघा, नाकाकडे विरळ, शेपटाकडे दाट. मग जुन्या टूथब्रशने वर विंचरलं, वरून परत पावडर. वीस मिनिटांत शिट्टीच्या कपाळावर अशा दोन कमानी उभ्या राहिल्या की मी, जन्मात तोंडाला काही न लावलेली बाई, बघत राहिले.

फाटकावर मुकादम खुर्चीतून उठला. "मॅडम, आत कुणाला भेटायचंय आपल्याला?"

आठ वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा अहो-जाहो केलं होतं. ती म्हणाली, "मी शिट्टी." तो बसला. यंत्राने तीनदा लाल दिवा दाखवला. दुसरी गैरहजेरी.

त्या दुपारी दुकानात मी तोंडाचा पट्टा सोडला. "तुझ्या त्या कमानी! बाईचं नाव कट होतंय आणि तू कलाकुसर करत बसलीस!"

"इतकी सरस भुवई शहरात कुणी काढून दाखवावी," मावशीही तापली. "यंत्रालाच अक्कल नाही!"

"यंत्राला अक्कल नाही हे मला माहीतच आहे. पण मुकादमानेही ओळखली नाही!"

यावर ती थांबली. ओळखपत्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि शिट्टीला शेजारी उभं केलं. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी हिची नाही काढली. मी माझी काढली."

फोटोतल्या डाव्या भुवईला मधेच खाच होती. लहानपणी नळावर पडून टाके पडलेले. उजवी शेपटाकडे खाली लोंबायची. दोन्हींच्या मधे नाकावर केसांचा एक पुंजका, जणू दोघींनी हात धरलेले. मावशीच्या हाताने यातलं एकेक सवयीने दुरुस्त केलं होतं. खाच भरली, शेपूट उचललं, पुंजका गाळला. तिला काही कळलंही नव्हतं. वाकडी भुवई समोर आली की ती सरळ करणं हेच तिने जन्मभर केलेलं.

"उद्या वाकडी काढ," मी म्हटलं.

"सांगायला सोपं आहे, पुढारीणबाई. तुम्हाला कुणी सांगितलं, उद्या मुकादमाशी गोड बोला, तर?"



गुरुवारी पाचला मावशी दुकान न उघडता थेट फाटकावर आली. स्टूल, पेन्सिल, पावडर, ब्रश, सगळं पिशवीत. यंत्राच्या वरच एक पिवळा दिवा होता. शिट्टीला तिने त्याच दिव्याखाली बसवलं. ओळखपत्र माझ्या हातात. मी फोटो धरून उभी आणि बोलत होते, आणि मावशी काढत होती.

"खाच अजून मोठी."

"बाई गं."

"उजवं शेपूट खाली. अजून खाली."

"यापेक्षा खाली गेलं तर गालावर येईल!"

"फोटोत तसंच आहे. आणि मधला पुंजका?"

मावशीने पेन्सिल खाली ठेवली. "नाकावर केस काढू? मी? लोक म्हणतील दोरामावशीच्या हातची आहे."

शिट्टी डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "मावशी, माझ्या कपाळावर तुमचं नाव लिहिलेलं नसतं. यादीत मात्र माझं लिहिलेलं आहे."

मावशीने पेन्सिल उचलली. पुंजक्याचे सात केस काढले, एकेक, कडू औषध गिळावं तसं तोंड करून. मग तीन पावलं मागे गेली, बघितलं आणि म्हणाली, "शी." मला कळलं, जमलं.

एव्हाना फाटकाजवळ सगळी सकाळची पाळी जमली होती. शिट्टी यंत्रासमोर उभी राहिली. लाल. कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. माझी सुजलेली बोटं पुन्हा वळायला लागली, तर मावशीने मनगट धरलं. "खांबाला हात लावायचा नाही." मग शिट्टीकडे वळून, "अगं, हसतेस कशाला? फोटोत मेली कोण हसतंय? मुकादमाकडे बघतेस तसं बघ."

शिट्टीने मुकादमाकडे बघतात तसं यंत्राकडे बघितलं. हिरवा.

अशी ओरड झाली की पहिल्या मजल्यावरचा पहारेकरी खाली धावत आला. मुकादम पुढे येऊन शिट्टीच्या कपाळाकडे निरखून बघू लागला. "ही रंगवलेली आहे."

"तोंडाला काय लावून यायचं याचा नियम दाखव," मी म्हटलं. "लेखी. सात कामाचे दिवस देते."

तो परत खुर्चीत बसला.

पुढचे सहा आठवडे शिट्टी रोज आपल्या खोलीत स्वतःची वाकडी भुवई स्वतः काढत होती. पहिले चार दिवस मावशी शेजारी उभी राहून शिकवत होती आणि दर रेघेला हाय हाय करत होती. पाचव्या दिवसापासून गरज उरली नाही. महिना भरला, दोनच गैरहजेऱ्या, शिट्टी कायम झाली. यंत्र नाही म्हणालं तर वहीत सही करता यावी, ही मागणी आम्ही लावून धरली आहे. मिळेपर्यंत सोडणार नाही. भिंगाच्या चष्म्याच्या, जळलेल्या गालाच्या, नुसत्या म्हाताऱ्या झालेल्या कितीतरी बायका त्या खांबापुढे रोज उभ्या असतात.

तोवर शिट्टीचे केस आले होते. खाच, लोंबतं शेपूट, पुंजका, सगळं जसंच्या तसं. नवीन ओळखपत्राच्या फोटोचा दिवस ठरला. यंत्रात नोंदणीही नव्याने होणार होती. आदल्या दुपारी मावशीने तिला खुर्चीत बसवलं. "आता तरी नीट करू दे. अगदी थोडं. उद्या जे तोंड नोंदवशील तेच पुढची वीस वर्षं न्यावं लागेल."

"म्हणूनच नको," शिट्टी म्हणाली. "एखाद्या दिवशी पोर आजारी असेल, एखाद्या दिवशी रात्रभर रडलेली असेन. आरशात बघायलाही वेळ नसेल. त्या दिवशी जी भुवई असेल ती नोंदवते."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मावशीने दोरा गुंडाळला, परत उलगडला, परत गुंडाळला.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "हनुवटीवर एक केस आहे. तो तरी काढते. यंत्राला काय, दिसणारही नाही."

शिट्टीने हनुवटी वर केली. मावशीने दोऱ्याचं टोक दातांत धरलं.