पाच उलट्या प्लेट्स

मुलीच्या पाच प्लेट्स मी उलट्या केल्या, तो अडाणीपणा होता. नंतर गप्प बसलो, ते मात्र समजून-उमजून.

ती तेव्हा अकरावीत होती. सायन्स फेअरसाठी जिवाणू खाण्याकडे कसे पोहतात हा विषय घेतला होता. चपट्या प्लेटमध्ये साखर घातलेला, जेलीसारखा मऊ आगर ओतायचा आणि मधोमध जिवाणूंचा थेंब सोडायचा. तिथली साखर संपली की ते बाहेर सरकतात, गोल कडं उमटतं. "बाबा, दिशा त्यांना कळतच नाही. थोडं सरळ पोहतात, मग गिरकी, मग भलतीकडेच. पण मघापेक्षा आत्ता साखर जास्त लागली, तर सरळच जात राहतात. दॅट्स ऑल!"

शुक्रवारी तिला आणायला शाळेच्या लॅबमध्ये गेलो. ती दाराशी सरांशी बोलत होती. जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटात, इनक्यूबेटरमध्ये, तिच्या प्लेट्स सुलट्या दिसल्या. कॉम्प्युटरकडे वळण्याआधी मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलेलं. झाकणावरचं पाणी आत ठिबकू नये म्हणून प्लेट उलटी ठेवायची, हे हातांत मुरलेलं. तिला न विचारताच मी पाचही उलट्या करून ठेवल्या. आम्ही घट्ट आगर वापरायचो. मऊ आगर उलटा केला की घसरतो, हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी पाचही प्लेट्समधला आगर झाकणात पडला होता. पुन्हा करायला वेळ नव्हता.

गाडीत ती रडत होती. "मी सरळ ठेवल्या होत्या, आय स्वेअर." जरा वेळाने म्हणाली, "ठेवल्या होत्या ना, बाबा?"

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

त्या एवढ्याशा जिवाणूलाही आपली मघाची आठवण खरी वाटते. मुलीचा स्वतःच्या आठवणीवरचा तोच भरवसा मी हिरावून घेतला. त्यानंतर ती कुलूप दोनदा ओढून बघू लागली, मग चारदा. मी नुसता बघत राहिलो. आता सव्वीस वर्षांची आहे, शिकागोला नोकरी करते. घराबाहेर पडताना शेगडीचा फोटो काढून ठेवते.

या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्या घरी, फ्रिस्कोला आली होती. बाहेर निघालो, तर ती गाडीतून दोनदा उतरून गॅस बघून आली. "अगं, चहा तरी टाकून ये आता!" बायको हसली. तिसऱ्यांदा मी तिच्या मागोमाग आत गेलो. तिचा हात शेगडीच्या बटणावर होता.

"बंद आहे ना, बाबा? माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही."

"बंद आहे. आणि त्या प्लेट्स तू सरळच ठेवल्या होत्यास. उलट्या मी केल्या. त्याच दिवशी गाडीत सांगायला हवं होतं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."