वरून दिसलेला काळा ढीग

आमच्या सेक्शनचं काम म्हणजे उपग्रहाच्या फोटोंवरून चोरून टाकलेला कचरा शोधणं. कचरा सापडायले वेळ लागते, किस्से मात्र आपोआप जमा होत राहतात. तिघं जणं एका खोलीत बसून दिवसभर वरून रायपूर पाहून राहिलो, तं दुसरं होणार काय?

सुरुवात सुकवारो बाईपासून. बीरगांवच्या पुढं एका गावात तिच्या बायांच्या गटानं तळं लीजवर घेतलं, मासोळ्या सोडल्या. काठावर कोणीतरी कारखान्याची काळी राख टाकू लागलं अन् मासोळ्या मेल्या. तीनदा अर्ज दिला, तीनदा "पुरावा नाही" म्हणून परत. या खेपेलेही पुरावा नाही निघाला तं गट तळं सोडून देणार होता. चौथा अर्ज तिनं माझ्या टेबलावर ठेवला. छत्तीसगढीत म्हणाली, "दीदी, ऊपर ले देख के बताव."

मी हव म्हटलं. म्हणायले काय जाते, आता करून दाखवायचं होतं.

*

फोटो पाहते ती केतकी. रेल्वेवाल्या मराठी घरची पोट्टी. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीतच देते. तिले एक दिवस मोकळ्या मैदानात काळे लांबट ढीग दिसले. महिनाभर आधी तिथं काहीच नव्हतं. मीच आमच्या सायबाले फोन केला, पंचनाम्याचे कागद घेतले, जीप काढली.

जाऊन पाहतो तं धान खरेदी केंद्र! पोत्यांच्या थप्प्या अन् वरून काळी ताडपत्री. केंद्रवाल्यानं बिचाऱ्यानं चहा पाजला. आमचे फील्ड इन्स्पेक्टर ध्रुवजी पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "मैडम, ये कचरा तो मैं दोनों टाइम खाता हूँ."

सायबाले काय सांगू, याच विचारात मी परत आली.

*

ध्रुवजींचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. तीस वर्षं मोटरसायकलवर सारा एरिया पालथा घातलेला माणूस. केतकीनं स्क्रीनवर एक जागा दाखवली, तं म्हणाले, "यहाँ कुछ नहीं है. परसों ही गया था, मस्त पेड़ हैं."

झाडं होतीच. रस्त्याच्या कडेनं दाट रांग लावलेली. मागं जाऊन पाह्यलं तं पुरुषभर उंच ढीग. ध्रुवजींनी ढिगाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "मैं तीस साल सामने से ही देखता रहा."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आले का पहिले केतकीच्या खुर्चीमागं उभे. "बेटी, आज ऊपर से क्या दिखा?" एवढ्या वयात असं नवीन शिकायले हिंमत लागते. मले त्यांचं फार कौतुक वाटलं.

*

पावसाळ्यात फोटोत नुसते ढगच. ताज्या फोटोशिवाय सुकवारो बाईची फाईल पुढं सरकेना. सायबानं विचारलं, प्रलंबित काहून? मी शेऱ्यात खरं तेच लिहिलं, "ढग." फाईल परत आली. त्यावर सायबाची सही अन् खाली एक ओळ, "संबंधित विभागाशी पत्रव्यवहार करावा."

त्या पानाची झेरॉक्स मी आजही जपून ठेवली आहे.

*

पुरानी बस्तीत माझी आई राहते. तिनं विचारलं, "तुमच्या उपग्रहाले बीरगांवचा कचरा दिसते, मंग आपल्या गल्लीतला काहून नाही दिसत?" मी समजावलं, ढीग खूप मोठा असला तरच दिसते.

"म्हणजे मी तोवर वाट पाहू?"

शेवटी झाडू घेऊन मीच खाली उतरली.

*

ढग हटले अन् सुकवारो बाईच्या तळ्याचे फोटो मिळाले. आधीचेही काढले. केतकीनं एकापाठोपाठ एक लावले. ढीग दर फोटोत वाढून राहिला होता. आता पुरावा आहे, असं आम्हाले वाटलं.

सुनावणीत तळ्याजवळच्या कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "ढीग आहे, मान्य. त्यावर आमचं नाव लिहिलं आहे का? ट्रक कोणाचाही असू शकते." तेही खरंच, ट्रक आमच्या फोटोत दिसतच नाही. सुकवारो बाई माझ्या बाजूले बसली होती. तिनं माझा हात धरला.

केतकी उठली. मॅनेजरले अदबीनं विचारलं, "सर, होली के बाद आपकी भट्टी कुछ दिन बंद थी?"

मॅनेजर खुश झाला. म्हणाला, हो, वीस दिवस. दरवर्षी मेंटेनन्स करतो, सगळं नियमानं. त्यानं स्वतःहून रजिस्टर काढून सुनावणीच्या सायबापुढं ठेवलं, तारखांवर बोटही ठेवलं.

केतकीनं त्याच तारखांचे फोटो रजिस्टरच्या बाजूले मांडले. भट्टी पेटलेली असली का फोटोत तिथं तांबडा ठिपका येते. त्या वीस दिवसांत ठिपका नव्हता, अन् ढीगही जिथल्या तिथं होता. ठिपका परत आला, ढीग परत वाढू लागला.

"आपकी भट्टी के साथ इस ढेर ने भी छुट्टी ली थी, सर."

ध्रुवजींनी चष्मा काढून पुसायले घेतला. मले केतकीचा अभिमान वाटला, काहून लपवू?

मॅनेजरनं रजिस्टर मागं घ्यायले हात पुढं केला. सायबानं त्यावर तळहात ठेवला, अन् दुसऱ्या हातानं आदेश लिहायले सुरुवात केली. ढीग उचला, तळं साफ करून द्या.

सुकवारो बाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग तिले मासोळ्या आठवल्या, माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "त मछरी कब डारबो, दीदी?"