डोळ्याखालचा काळा

वणीत मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. आता घरात कोणी वारलं की लोकांना माझी आठवण होते.

कोळसा खाणीतल्या एका माणसाची बायको अशीच आली. नवरा आजारानं गेलेला, वर्षश्राद्ध आठवड्यावर. हातात त्याच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो. दुसरा एकही नव्हता.

"मोठा केला तं नुसते ठिपके दिसते, भाऊ. तुमी रंगात काढून द्या."

मी काढला. गिऱ्हाइकाला गोरं आवडतं म्हणून सफेदा जरा सढळ हातानंच घातला. श्राद्धाच्या चार दिवस आधी ती बघायला आली आणि बघतच राहिली.

"हे तं कोनी मास्तर दिसून राह्यले. डोयाखालचा कोयसा कुठी हाय? आंघोय केली तरी तो राहेच."

डोकंच फिरलं माझं. झालेलं काम उकरायचं म्हणजे काय! पण बाई खरं बोलत होती. माझ्या त्या गोऱ्या माणसानं खाण पाहिलेलीच नव्हती.

ट्यूबमधला काळा वरवर बसतो, काजळ घातल्यासारखा दिसतो. मला कातडीत मुरलेला हवा होता. म्हणून दिव्याची काजळी धरली. रंगाचं तेल नेमकं संपलेलं, नागपूरहून मागवायला वेळ नाही. घरात घाण्याचं जवसाचं तेल होतं, चटणीवर घ्यायचं. रंगाचं तेलही जवसाचंच की, म्हणून तेच घातलं. इथंच माती खाल्ली.

बोटानं पापणीखाली चोळलं आणि माणूस असा समोर आला की मीच दचकलो. पण काजळी मुळातच उशिरा वाळते, त्यात हे कच्चं तेल. दुसऱ्या दिवशी ओला, तिसऱ्या दिवशीही ओलाच. पंखा लावला, उन्हात ठेवला. तासातासाला करंगळी लावून बघायचो आणि करंगळी काळी व्हायची. हा बिघडला तर तिच्याकडं दुसरं होतं काय?

श्राद्धाला तसबीर मीच नेली, अंगापासून लांब धरून. हार वरच्या खिळ्याला अडकवला, चेहऱ्याला लागू नये म्हणून. टर्पेंटाइनची चिंधी खिशात तयार.

"वहिनी, गंध फक्त कपायाले लावजा. खाली ओलं हाय."

तिनं मान हलवली. कपाळाला गंध लावलं. आणि हात खाली आला, अंगठा सरळ डोळ्याखालून फिरला.

"अवं वहिनी!" मी ओरडलोच. काळा गालभर ओढला गेला होता. चिंधी काढून धावलो.

तिनं माझा हात धरला. "राहू द्या, भाऊ. ड्यूटीवरून आले का रोज असंच पुसत होती मी. असाच पसरे."

आणि काळा झालेला अंगठा तिनं सवयीनं पदराला पुसला, नव्या कोऱ्या लुगड्याच्या.