दीपगृहावरची हाक

माझी मावशी कमलाबाई गेल्या महिन्यात धानोरा तालुक्यातल्या तिच्या गावी वारली. पहाटे झोपेतच गेली. फोन आला तेव्हा मी गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या पाळीवर निघालो होतो. मातीच्या दिवशी लोक तिच्या धीटपणाच्या गोष्टी सांगत होते. मोहफुलं वेचताना अस्वल समोर आलं तरी तिने टोपली टाकली नाही, वगैरे. त्यातलं मी काही पाहिलेलं नाही. तिला घाबरलेली मात्र एकदा पाहिली आहे...

काही वर्षांपूर्वी तिला कोकणात नेलं होतं, माझ्या मुलीच्या नोकरीच्या गावी. तिथे इंग्रजांच्या काळातलं दीपगृह आहे. वर वारा फार आहे, कठडा सोडू नका, असं रखवालदाराने बजावलं.

"आमच्याकडे मचानावर चढतेत ते खाली वाघ असते म्हणून," मावशी म्हणाली. "इथी खाली कोन आहे?"

"कोणी नाही. खडक आहेत," रखवालदार म्हणाला.

दगडी गोल जिना संपल्यावर लोखंडी शिडी, मग छोटं दार आणि बाहेर दिव्याभोवती फिरणारा अरुंद सज्जा. मावशी सरळ बाहेर पडली आणि वळसा घेऊन समुद्राच्या बाजूला दिसेनाशी झाली. मी एक पाऊल टाकलं, खाली पाहिलं, आणि पाय हलेनात. पाठ भिंतीला टेकवून हाक मारली, "मावशी!" उत्तर आलं नाही. पुन्हा तोंड उघडलं तर आवाज फुटेना. कठडा जेमतेम कमरेइतका होता. खालच्या खडकांवर मी तिचं हिरवं पातळ शोधू लागलो.

बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या बाजूने आली. बसून, सरपटत, गज धरून. आधी तिने माझी पावलं चाचपली.

"ओ काऊन नाई दिली?" मी विचारलं.

"जंगलात एका हाकेले कोनी ओ देते का, बाबू? मानूस असला तर दुसरी मारते. तू दुसरी काऊन नाई मारली?"

"मले वाटलं, तू पडली."

"मले वाटलं, तू पडला... अन् हाक तेवढी वर राह्यली."

उतरताना ती पुढे होती. जिन्यात अंधार होता, वळणापलीकडचं माणूस दिसत नव्हतं. प्रत्येक वळणावर थांबून ती मला दोन हाका मारायची. दुसऱ्या हाकेला मी ओ द्यायचो. खालच्या दारापर्यंत तिने एकही वळण सोडलं नाही.