परसातल्या तळ्याचा गाळ

दवनीवाड्यात आमच्या घरामागे एक तळं आहे. तळं कसलं, आमच्या गुरुजींची हौस! गुरुजी म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मग मीच एकटीनं काय वेगळं म्हणायचं? नोकरीत असताना कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि तिथल्या बागेत रंगीत मासे बघून आले. आल्या आल्या परसात खड्डा. चारी बाजूंनी विटांचं बांधकाम, तळाला काळी माती, मधे कमळ. आमच्या या तलावांच्या मुलखात माणूस माशाकडे बघतो ते रश्श्याच्या नजरेनं. नुसतं बघायला मासे पाळणारे गावात हे पहिलेच. लोक यायचे, काठावर उभे राहायचे आणि विचारायचे, "गुरुजी, कवा शिजवून राहिले?"

कुंपणापलीकडे गुरुजींचे लहानपणापासूनचे दोस्त राहायचे. धानाचा व्यापार, मोठा आवाज आणि गळ टाकून मासे धरायचा नाद. मी त्यांना भाऊजी म्हणते. दोन्ही परसांच्या मधे एक लहान फाटक होतं, ते कधी बंद झालेलं मी बघितलं नव्हतं. तळ्यात पहिलं पाणी भरलं तेव्हा दोघं मोटरसायकलवर बोदलकशाच्या तलावावर गेले आणि डब्यात एक बोटभर मरळ घेऊन आले. आमच्याकडे विहिरीत मासा सोडतात, म्हणजे पाण्यात अळ्या होत नाहीत. तोच विचार करून दोघांनी नारळ फोडला आणि मरळ तळ्यात सोडला. त्याच उन्हाळ्यात मोटर जळाली, तळं आटून नुसता चिखल उरला. मरळ मेला असं सगळ्यांनीच धरलं आणि विसरून गेलो.

मग पावसानं तळं पुन्हा भरलं आणि गोंदियाहून नारिंगी मासे आले. काय दिसायचे! गुरुजी सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच बसायचे. आणि मग एकेक मासा कमी होऊ लागला. ना काटा सापडे, ना पंख. पुन्हा आणले, पुन्हा गायब. गुरुजींनी वर जाळी टाकली, मांजरीला हाकललं, बगळ्यांवर नजर ठेवली. काही उपयोग नाही. एक दिवस भाऊजी दात कोरत फाटकातून आले आणि चार माणसांसमोर गुरुजी बोलून गेले, "काऊन बे, माह्या मासोळ्याईचा रस्सा गोड लागला का?"

भाऊजींचा चेहरा मी अजून विसरले नाही. आधी हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. मग थट्टा नाही हे कळलं. "मी? तुह्या घरची चोरी करीन मी?" एवढंच म्हणाले, वळले आणि त्याच दुपारी त्यांनी फाटक तारेनं करकचून बांधून टाकलं. मी त्या दिवशी गुरुजींशी कडाकडा भांडले. म्हटलं, तो माणूस तुमच्या आजारपणात आठवडाभर दवाखान्यात बसला होता, तो तुमची खेळण्यातली मासोळी खाईल? पण गुरुजींचा हट्ट म्हणजे हट्ट. वर्गात एकदा फळ्यावर लिहिलं की पुसायचं नाही, तसला.

त्यानंतर चार-सहा वर्षं तळ्याकडे कोणी फिरकलं नाही. पावसाळ्यात भरायचं, उन्हाळ्यात आटायचं, वर जलकुंभी आणि कडुलिंबाचा पाला. आम्हा दोघींचं, म्हणजे माझं आणि भाऊजींच्या बायकोचं, कुंपणावरून भाजीच्या वाट्या देणं-घेणं मात्र चालूच होतं. नवऱ्यांच्या रुसव्यापायी आम्ही कायले तोंड बंद ठेवायचं?

यंदा मे महिन्यात ती वाटी द्यायला आली आणि वाटी हातात धरूनच उभी राहिली. म्हणाली, "बाई, घर विकलं. पोरगा म्हनते नागपूरलेच या. पावसाचं पाणी लागाच्या आत निघून राहिलो आमी."

हे दोन दोस्त न बोलताच दुरावणार? म्हाताऱ्या वयात, एवढ्या दोस्तीनंतर, मधे ती गंजकी तार ठेवून? छे! मी तिथल्या तिथे ठरवलं. भांडण तळ्यावरून झालं ना, मग तळंच दुरुस्त करायचं. आमच्यात तलाव भरला की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नारळ फोडतात आणि त्या दिवशी वैऱ्यालाही बोलावतात. माझं माहेर चोरखमाऱ्याकडचं, माझ्या वाडवडिलांनी तलाव बांधले, धानाच्या शेकडो बांध्या भिजवल्या. परसातलं एवढंसं तळं मला जड जाणार होतं होय?

दोन मजूर बाया बोलावल्या आणि पदर खोचून मीही उतरले. गुरुजी ओसरीत पेपर धरून बसलेले. "कशाला हा उपद्व्याप?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." गाळ काढून बांधावर टाकत गेलो. पाणी सोडायच्या नळीच्या कोपऱ्याशी खेकड्यानं बीळ केलं होतं, पाणी मुरायचं ते तिथूनच. मी काळी माती मळून त्यात ठासली आणि पायानं तुडवली. आमच्या घरात हे लहान पोरीलाही येतं.

मधला गाळ अजून ओला होता. तिथे फावडं घातलं तसं खालचं काहीतरी जाडजूड वळवळलं. एक बाई "साप! साप!" करत थेट विहिरीपर्यंत पळाली. मी वाकून बघितलं. सापासारखं डोकं, काळं अंग, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. मरळ! तोच. चिखलात दडून, बेडूक खाऊन, कमळाच्या पानांखाली गुपचूप वाढलेला. पळालेली बाई परत आली आणि म्हणाली, "बाई, रस्सा मस्त होईन." मी तिच्यावर अशी ओरडले की ती बिचारी खालीच बसली.

पण मला हसू फुटत होतं. सगळं एकदम उजेडात आलं होतं. टपात पाणी भरलं, त्यात मरळ टाकला, वर लाकडी पाट ठेवला आणि टप ओढत ओसरीवर नेला. "हा घ्या तुमचा चोर!"

गुरुजींनी चष्मा लावला. बघत राहिले. "हा तर मेला होता."

"मेला होता म्हणे! मेलेला असा वाढतो का? काय खाऊन फुगला, विचारा त्याला."

"कशावरून? रंगीत मासे यानंच खाल्ले कशावरून?"

शिक्षक ना, प्रयोग दाखवल्याशिवाय पटायचं नाही. मी भाच्याकडून गोंदियाहून दोन नारिंगी मासे मागवले आणि संध्याकाळी गुरुजींच्या डोळ्यांदेखत टपात सोडले. वाईट वाटलं मला त्या जिवांचं, पण इलाज नव्हता. पाट त्यांनीच ठेवला. सकाळी पाट त्यांनीच उचलला. टपात मरळ एकटा होता.

गुरुजींनी चहाही घेतला नाही. आत गेले, पक्कड घेऊन आले आणि सरळ फाटकाकडे निघाले. तार इतकी गंजलेली की तुटता तुटेना. मी मदतीला गेले नाही, मुद्दाम. हे काम त्यांचंच होतं. खडखड ऐकून भाऊजी बाहेर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

शेवटी तार तुटली. गुरुजी म्हणाले, "चुकलं माहं."

माझ्या अख्ख्या संसारात हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नव्हते. हेवा वाटला मला भाऊजींचा, खरंच सांगते.

भाऊजींनी मोठ्यानं नाक शिंकरलं. "एवढं बोलाले इतकी वर्षं लागली का बे तुले? कुठी हाय तो?" दोघं टपाशी येऊन उकिडवे बसले. भाऊजींनी पाण्यात बोट घातलं, मरळानं शेपटी मारली, दोघांच्या तोंडावर पाणी उडालं. "किती मोठा झाला बे हा!" भाऊजी म्हणाले, पोराबद्दल बोलावं तसं.

विहिरीच्या पाण्यानं तळं भरलं, नारळ फुटला, मरळ दोघांनी मिळून सोडला. नारिंगी मासे आता आणायचे नाहीत असं ठरलं. मग रोज संध्याकाळी दोघं काठावर बसायचे. काय बोलायचे देव जाणे, पण भाऊजींचं हसणं पार स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

आणि ट्रक आला. घर विकलं ते विकलंच होतं, एका माशानं काही सौदा मोडत नाही. सामान चढलं, भाऊजींची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. भाऊजी शेवटचे फाटकातून आले. हातात पिशवी, तिच्यात पाण्यात वळवळणाऱ्या बारीक मासोळ्या. ती गुरुजींच्या हातात देऊन म्हणाले, "घे. याले पोटभर खाऊ घालत जाय. उपाशी ठेवशीन त अजून कोनावर आळ घेशीन."

गुरुजी हसले. ट्रक वळणापर्यंत जाईस्तोवर हसतच होते. मग तळ्याच्या काठावर बसले आणि हुंदके देऊन रडले. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि पाण्यात रिकामी केली. मरळ आरामात वर आला, आ करून एक घास घेतला आणि आमच्याकडे बघत राहिला. मला असा संताप आला त्याचा! म्हटलं, "मेल्या, हेच तोंड चार-सहा वर्षं आधी दाखवलं असतंस, तर तुझं काय बिघडलं असतं?"