पहाड आडवा आला

जीप थांबवून भाऊ आधी खाली उतरायचे. समोरच्या पहाडाकडे बघायचे, मग झाडांच्या पानांकडे, आणि मान हलवायचे. "इथी नाई जी. इथी आवाज मरते."

भाऊ आमच्या वनखात्यात ड्रायव्हर होते. ऐंशी सालानंतर आमच्या दोन जीपना वायरलेस सेट बसले, तेव्हा मी नवाकोरा रेंजर. सेटचं पुस्तक मी पाठ केलं होतं, भाऊंनी उघडलंही नव्हतं. पण कुठे उभं राहिलं की दुसऱ्या जीपला ऐकू जातं, ते त्यांनाच ठाऊक. "उन्हाळ्यात सागाले पान नसते, आवाज दूर जाते. पावसाळ्यात ओलं पान खाऊन टाकते," ते सांगायचे. मी हसायचो. मग दोन वळणं पुढे जाऊन सेटवर ओरडून घसा बसवायचो आणि मुकाट्याने मागे यायचो. भाऊ तंबाखू मळत बसलेले असायचे.

आवाज पोचणारी जागा सापडली की डबीतला चुना अंगठ्यावर घेऊन तिथल्या झाडाला लावायचे. मूल तालुक्याच्या जंगलात अशी कितीतरी झाडं होती.

"घरी बायकोला हाक मारायलाही झाड शोधता का?" मी एकदा विचारलं.

"तिचा आवाज पहाडातूनही जाते जी."

असं मोकळं, गमतीचं माणूस. तुम्हीही नोकरीत असं एखादं पाहिलं असेल, आणि माझ्यासारखंच गृहीत धरलं असेल.

एका एप्रिलमध्ये पहाडापलीकडे वणवा लागला. भाऊ आपल्या जीपमधून तीन मजुरांना घेऊन आग अडवायला खाली उतरले. मी दुसऱ्या जीपमध्ये वर, चुन्याच्या खुणेपाशी. तिथून आग दिसत होती, खालून दिसत नव्हती. "वारा फिरला की सांगा जी, तवाच आमी निघू. तोवर इथून हलू नोका," एवढंच सांगून गेले.

ऊन मी म्हणत होतं. सागाला पान नाही, सावली कसली. चाळीस पावलं खाली मोहाचं एक पालवलेलं झाड होतं. चाळीस पावलांनी काय होतंय, म्हणून मी जीप त्याच्याखाली नेली.

वारा फिरला. मला दिसला. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं. सेटमधून नुसती खरखर. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि मी जीप पुन्हा खुणेपाशी नेली. निरोप पोचला, पण उशिरा. मजूर वाचले. शेवटच्याला ओढून काढताना भाऊंचा उजवा हात भाजला.

चौकशीला वरचे साहेब दवाखान्यात आले. मी तोंड उघडायच्या आत भाऊ खाटेवरून म्हणाले, "आमचे साहेब जाग्यावरच होते जी. पहाड आडवा आला." कागदावर तेच उतरलं. खाली मी सही केली. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. सबबी हव्या तेवढ्या होत्या.

बोटं आखडली. स्टिअरिंग सुटलं, भाऊंना खात्याच्या तपासणी नाक्यावर बसवलं. मला तंबाखूचा वासही सोसत नाही, पण तिथून जाताना मी उतरून त्यांच्यासाठी मळायचो. "तुमाले मळता नाई येत जी," म्हणायचे आणि तोंडात टाकायचे. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. जीप कुठे उभी होती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजच नव्हती. ते मला फार लागायचं.

मग माझी चंद्रपूरला बदली झाली. दोन वर्षांनी भाऊ गेल्याचं कळलं आणि मी त्यांच्या गावी, गोंडपिपरीकडे गेलो. त्यांच्या बायकोने पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"तुमीच ते साहेब ना? तुमची लय आठवण काढत. म्हणत, साहेबानं लय आवाज देल्ले, पण पहाड आडवा आला."

ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी "हो" म्हणालो, पाणी प्यालो आणि उठलो.