पॅटिनाबाईंचा दिवा

आपण कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, ही गोष्ट नागावच्या अंबिकाताईंनी गावाला कधी विसरू दिली नव्हती. पोस्टमनचे इंग्रजी उच्चारही त्या फाटकातून दुरुस्त करत. त्यामुळे दिव्याबरोबरचं इंग्रजी कार्ड कळलं नाही, असं म्हणायची सोयच उरली नाही.

दिवा सुनेचा. श्रद्धा मुंबईत दिव्यांच्या कंपनीत होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिने सासूवर कधी काही सोपवलं नव्हतं. आली की चहासुद्धा स्वतःच करी. "आई, तुम्ही बसा." ते 'बसा' अंबिकाताईंच्या जिवाला लागे. बसायला काय, गणपतीही बसतात. पण त्यांच्याकडे निदान कोणी काही मागतं तरी!

आषाढात श्रद्धा दिवा घेऊन आली. कोणा परदेशी कलावंताचा हा गाजलेला जुना दिवा कंपनीने पुन्हा काढला होता, एका संग्रहालयाच्या इमारतीला मानवंदना म्हणून. तिथल्या घुमटासारखी त्याला तांब्याची टोपी होती. वाडीतल्या घरात फोटो काढायचे होते, पण उजेडच नव्हता. श्रद्धा घुमटाविषयी समजावत होती तेव्हा अंबिकाताईंचं लक्ष कढईतल्या भज्यांकडे होतं. शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं.

"आई, शनिवारी परत येते. एकच नमुना आहे. तोवर याच्याकडे बघाल ना?"

"बघते की!" अंबिकाताई इतक्या हरखल्या की भजी करपली.

आणि त्यांनी बघितलं. टोपीवर हिरवा कळंक! कार्ड वाचलं: 'पॅटिना, बाय हँड.' पॅटिना म्हणजे कोणी इटालियन बाई असणार. बिचारीने हाताने घडवलं आणि या पोरांनी त्याला कधी चिंचेचं बोट लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस. समया, निरांजनं घासायला निघाली, त्यांच्यात टोपीही बसली. बल्ब, वायर काढून ठेवण्याइतकं विज्ञान आपल्याला येतं, याचाही अंबिकाताईंना अभिमान वाटला. मग चिंच, मीठ आणि मनगटाचा जोर. शेजारची हेमांगी फुलं द्यायला आली तेव्हा टोपी पाटावर, हळदकुंकू लावून, मधोमध.

"काकू, काय झळकतंय हो!"

"सुनेचंय. माझ्यावर टाकून गेल्ये," अंबिकाताई जमेल तितक्या सहज म्हणाल्या.

शनिवारी श्रद्धा मांडव्याला रो-रो बोटीतून उतरून, गाडी हाकत आली. टोपी बघून उंबऱ्यातच बसली.

"आई, हिरवा रंग?"

"गेला! दोनदा घासावं लागलं. केवढा कळंक तो!"

"मुद्दाम आणला होता. संग्रहालयाचा घुमट पावसापाण्याने हिरवा झालाय. म्हणूनच तर हा दिवा."

"मग पॅटिनाबाई?"

"कोण बाई?"

अंबिकाताईंनी कार्ड पुढे केलं. श्रद्धाने डोळे मिटले.

"आई, पॅटिना म्हणजे कळंक."

अंबिकाताईंनी चांगलेच दिवे लावले होते. चार वर्षांत एक वस्तू हाती आली, तीही घासून टाकली. आता ही मीठसुद्धा आपल्यावर सोपवणार नाही.

"फोटो कधी द्यायचेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"महिनाअखेरीला. पण हिरवं कुठून आणू?"

"अगं, या खाऱ्या हवेत ते येऊ नये म्हणून तर मी जन्मभर झिजले! मिठाचं पाणी, आंबट ताक लावून पडवीत टाकायचं. आपोआप चढेल. फक्त घासायचं नाही."

"जमेल तुम्हाला?"

"ताक लावणं जमेल. न घासण्याची खात्री देत नाही."

श्रद्धाला हसू फुटलं. टोपी तिने स्वतः पडवीत नेऊन ठेवली आणि मुंबईला गेली. मग रोज तिचा फोन येऊ लागला.

"आई, काय म्हणतोय कळंक?"

"आज काठाला धरलाय हो," अंबिकाताई म्हणत, आणि शिवशिवणारा हात पदरात गुंडाळून ठेवत.

एका सकाळी हेमांगी डोकावली. "अय्या काकू, पार कळकलं की हे! आणा, घासून देते."

"हात तर लाव, मग बघ!" अंबिकाताई अशा ओरडल्या की वाडीतले कावळे उडाले.